पूजाची गाडी आणि ती एक फरशी

हसू नका, पण एका खेळण्यातल्या गाडीनं मला घाम फोडला होता. आमच्या पूजाला तिच्या मामानं आलेख काढणारा मोठा कॅल्क्युलेटर दिला होता. त्याची वायर दोन चाकांच्या रोबोला जोडायची, कॅल्क्युलेटरवर सूचना लिहायच्या, की रोबो पळायचा. दुसऱ्या दिवशी शाळेत प्रदर्शन होतं.

अंगणात रोबो सरळ पळाला. घरात, पुढच्या सोप्यात मात्र दर वेळी एकाच फरशीवर थांबायचा. पूजानं सेल बदलले, चाकं पुसली, सूचना पुन्हा लिहिल्या.

"आई, शाळेत बी फरशीच हाय गं! तिथं असाच थांबला तर?" ती रडकुंडीला आली.

तेवढ्यात आमचे हे उद्यमबागेतल्या कारखान्यातनं पाळी संपवून आले. रोबो कुठल्या फरशीवर थांबलाय ते त्यांनी बघितलं. मग हळूच म्हणाले, "हितं आप्पांच्या मागाचा खड्डा होता."

आप्पा म्हणजे माझे मामंजी; त्या खड्ड्यात पाय सोडून ते जन्मभर हातमागावर साड्या विणत बसले. ते गेल्यावर महिन्याभरात आम्ही तो बुजवून वर फरशी घातली होती.

"कायतरीच बोलू नका, पोरगी भिईल," मी म्हटलं.

पण हे खाली वाकलेच. "आप्पा, नातीचं उद्या प्रदर्शन हाय. जाऊ द्या की वो तिला."

रोबो हलला आणि फरशी ओलांडून थेट भिंतीपर्यंत गेला.

"चालला की गं! काय केलंस?" मी पूजाला विचारलं.

ती जागची हलली नव्हती. "मी काय बी केलं न्हाय आई. वायर तर मघाच तपासायला काढलीया, ही बघ, माझ्या हातातच हाय."