ताटलीत उरलेली रिंग

चहा येईपर्यंत आमच्या पनवेलच्या कारखान्यातली गोष्ट सांगतो. एका पंपात रबरी रिंग घालायची राहिली आणि तो गिऱ्हाइकाकडून परत आला. तपासणीच्या कागदावर मात्र ‘रिंग बसवली’समोर पंप जोडणाऱ्या ताराबाईंची खूण होती. त्यांना घरी बसवायचं जवळजवळ ठरलंच होतं.

साहेबांनी विचारलं, “मग ही खूण कशी?”

“सगल्या खुना मी सकालीच करून ठेवते, साहेब. मंग दिवसभर हात मोकला.”

“यापुढे तुमची आणि शेजारी बसणारीची, दोघींच्या सह्या घेऊ!”

“मंग दोगी मिलून सकाली करू. त्यापेक्षा दर पंपाला एकच रिंग ताटलीत काढून द्या. उरली तर चूक लगेच दिसल.”

साहेबांना पटेना. एक रिंग ताटलीत घेऊन ते स्वतःच पंप जोडून दाखवायला बसले. पंप बंद केला, ऐटीत हात पुसले. रिंग ताटलीतच होती.

ताराबाई शांतपणे म्हणाल्या, “आता घरी कोन बसनार साहेब, मी का तुमी?”