तांड्याचा एकच फोन

"हॅलो?… हां, बोला नासेरचाचा."

कळमनुरीच्या आपल्या खोलीत वैष्णवी फोन कानाशी धरून बसली होती; पलीकडे हळद संघाचं फाटक सांभाळणारे नासेरचाचा होते. समोर सोमेश्वरची मेल उघडी होती. संघात हळद आणायच्या पाळीची टोकनं देणारी वेबसेवा दोघं मिळून सांभाळत. या मेलला तिनं उत्तर दिलं नव्हतं, आणि आता सोमेश्वरच या जगात नव्हता.

"जेवले… व्हय, थोडंसं. फाटकावर काय झालं ते सांगा… वसरामच्या फोनवर एकच टोकन निघालं? बाकीच्या तांड्याचं न्हाई?… नियमच तसा हाय चाचा, एका नंबरावर एक… ठाऊक हाय मला. बाकीचे फोन पोरं ऊसतोडीला घेऊन गेली. म्हाताऱ्यांजवळ तेवढा एकच…

"कालपरवापर्यंत कसं निघत होतं?… ओरडू नका, ऐका ना. सगळे नियम एका जागी लिहिलेले हायेत. रोज पहाटे मशीन ते वाचतं. सर्व्हरवर काही वेगळं दिसलं की पुसून टाकतं आणि लिहिल्याबराबर करतं… व्हय, आपोआप. सोमेश्वर सकाळी उठून तांड्यापुरता नियम सर्व्हरवर हातानं बदलायचा. पहाटे पुसलं जायचं. तो पुन्हा करायचा. रोज… न्हाई, मलाबी तो गेल्यावरच नोंदी पाहताना दिसलं.

"काहून म्हणजे?… लिहिलेला नियम बदलायला माझी मंजुरी लागते. त्यानं मेलवर मागितली, मी दिली न्हाई. व्यापारी एका फोनवर ढीगभर टोकनं काढतील असं वाटलं… भांडण कुठलं? त्यावर बोललोच न्हाई आमी.

"सातबारा पाहता? फाटकावर? प्रत्येकाचा?… मग व्यापारी कसा घुसेल. खरंय… न्हाई, मी विचारलंच न्हाई कुणाला.

"तांड्याची पारुबाई हळदीच्या पोत्यावर बसलीय? उठत न्हाई?… बसू द्या. टेंपो परत पाठवू नका. चहा सांगा तिला… माझ्या नावावर सांगा, कंजूसपणा करू नका.

"आजच्यापुरतं हातानं?… करते की. उद्याबी करीन. आणि एखाद्या सकाळी मी उठलेच न्हाई तर?… तसं न्हाई हो चाचा. रडून न्हाई राहिले. सरळ विचारून राहिले."

पलीकडे नासेरचाचा कुणाला तरी टेंपो थांबवायला सांगत होते. मागून टेंपोचा आवाज येत होता. वैष्णवीनं त्या मेलखाली 'मंजूर' एवढंच लिहिलं. खाली काही जोडावं का, असं तिला वाटलं. सुचलं नाही. तिनं उत्तर पाठवून दिलं, तसा सोमेश्वरनं लिहून ठेवलेला बदल नियमांत चढला.

"हॅलो? हायात ना?… लिहिलेला नियमच बदलला, आणि मशीनला आत्ताच वाचायला लावला. आता पहाटे पुसलं जाणार न्हाई… वसरामला म्हणा, पुन्हा काढ… कुणी केलं म्हणून सांगू?… सोमेश्वरनं. मागणी त्याची होती, मी नुसतं हो म्हटलं.

"निघालं?… पारुबाईचं?… बरं. बाकीच्यांचं येऊ द्या… घाई न्हाई चाचा, मी फोन धरून बसते. टोकनाचे नंबर नका सांगू. नावं वाचा."