दहावं माणूस

(बाइंडिंगचं दुकान. जेवणाची सुट्टी, कारागीर बाहेर गेलेत. सकाळी तपासणीला इन्स्पेक्टर येऊन गेलाय.)

बायको : अहो, पण त्याने दहा माणसं कुठून मोजली? वीस वर्षं आपण नऊच लिहितोय ना?

नवरा : आठ कारागीर, नववा मी. मीही तेच म्हटलं. मग पुढच्या खोलीत परतल्यावर त्याने पडद्याकडे पेन्सिल केली आणि विचारलं, आत त्या कोण.

बायको : तुम्ही काय म्हणालात?

नवरा : म्हटलं, ती घरचीच आहे.

बायको : बरोबर. घरचा पंखा, घरचं स्टूल, घरची मी.

नवरा : आता तू सुरू होऊ नकोस. नऊपर्यंत दुकान, दहा झाले की कारखाना. मग जागेचा करही कारखान्याचा, आणि मागच्या भिंतीत दुसरं दार हवं. आपला घरमालक कॅलेंडरला खिळा ठोकू देत नाही, तो दार पाडू देणार? जागाच खाली करा म्हणेल.

बायको : म्हणेलच. टपून बसलाय तो. पण इन्स्पेक्टर पुढच्या खोलीत कागद बघत होता. मी इथे पडद्यामागे. तो माझ्या टेबलापर्यंत आला कसा?

नवरा : आला.

बायको : आला म्हणजे?

नवरा : मीच आणलं. अगं, त्याने एक जाडजूड पुस्तक उघडून बघितलं, म्हणाला, शिलाई सुरेख आहे. झालं, मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर. म्हटलं, साहेब, अशी शिलाई या बाजारात दुसऱ्या कुणी करून दाखवावी. चला, ते हातच दाखवतो तुम्हाला. आणि पडदा बाजूला केला.

बायको : असं म्हणालात?

नवरा : म्हणालो. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

बायको : वीस वर्षांत मला एकदाही म्हणाला नाहीत. आणि म्हणालात ते माणसं मोजायला आलेल्यासमोर.

नवरा : माझं टायमिंग तुला नवीन आहे का?

बायको : म्हणजे आता मी घरी बसायचं.

नवरा : आधी तेच आलं मनात. खोटं कशाला बोलू?

बायको : बसते की. महिन्याभरात पुस्तकं पानं गाळत परत येतील, तेव्हा या बोलवायला. राग आलाय मला. पण एक सांगू? तो दहा म्हणाला ना, तेव्हा बरं वाटलं. जागा जाईल हे नंतर सुचलं.

नवरा : म्हणून मग तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला कमी करता येईल, ते बघत बसलो. कटिंगवाल्या काकांना कसं काढू? सुरी कशी धरायची तेसुद्धा त्यांनी शिकवलं मला. खळ लावणाऱ्या दोघी बहिणी, एक गेली की दुसरी तिच्या मागे. पुठ्ठेवाला गेला तर सगळी पुस्तकं उघडी पडतील. दुपारपर्यंत एकेकाकडे बघत होतो. मग लक्षात आलं, दुपारपर्यंत नुसता बघत उभा राहिलेला माणूस दुकानात एकच आहे.

बायको : तुम्ही?

नवरा : करवाल्या वकिलांना फोन करून विचारलं. मालकाला मोजत नाहीत. मालकाने हत्यार हातात घेतलं तरच मोजतात.

बायको : आणि पुस्तकाच्या कण्यावरची सोनेरी अक्षरं? त्यात तर तुमचा जीव आहे.

नवरा : ती तू करशील.

बायको : मला कुठे येतात?

नवरा : गेल्या वर्षी त्या प्राध्यापकांच्या अकरा खंडांवर मी नावं उलटी उमटवली. शनिवारी उलटी होती, सोमवारी सुलटी. मी एक अक्षर बोललो नाही.

बायको : तुम्हाला कळलं होतं?

नवरा : मूर्ख आहे, आंधळा नाही. माझी अक्षरं जरा उजवीकडे झुकतात. तुझी सरळ होती. त्याचाच राग होता बहुतेक, म्हणून बोललो नाही.

बायको : तुम्हाला करमेल का हो?

नवरा : नाही करमणार. मघाशी अक्षरांचे ठसे पुसून पेटीत ठेवले, आणि पेटी दोनदा पुन्हा उघडली. पण जागाच गेली तर ठसे घेऊन कुठे बसू?

बायको : इन्स्पेक्टरने दिलेला तो फॉर्म भरलात?

नवरा : भरला. पहिल्याच ओळीत तू. तुझ्या नावापुढे लिहिलंय, कारागीर.

बायको : आणि तुमच्या?

नवरा : तिथे एक रकाना आहे, काम न करणारा मालक जागेवर कशासाठी येणार. वीस वर्षं कशासाठी येत होतो, ते आठवेना. शेवटी लिहिलं, कारागिराचा डबा घेऊन.

बायको : स्वयंपाक तरी येतो का तुम्हाला?

नवरा : नाही. पण स्वयंपाकघरात मला कुणी मोजणार नाही.

बायको : मी मोजेन.

नवरा : उठतो मग. सुट्टी संपत आली, सगळे येतील. आता इथे कशाला हात लावायची सोय नाही.

बायको : पडद्याला चालतो ना? मग जाता जाता तो तेवढा काढून टाका.