सरळ रेषेत सहाशे ऐंशी

...आणि वर मलाच म्हणतो, "भावजी, चिडता काय, आकडा बरोबरच होता!" अहो, बरोबर? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, पण फूटपट्टी लावून कधी कुणाच्या ढेरीचं माप घेतलं नाही! टेप गुंडाळावी लागते, टेप! आणि हा माझा मेव्हणा, भूगोलाचा निवृत्त मास्तर, त्याने भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली, पेन्सिलीने रेघ ओढली आणि जाहीर केलं, "सरळ रेषेत सहाशे ऐंशी किलोमीटर! ताशी ऐंशीने साडेआठ तास. पहाटे पाचला निघू, दीडला जेवायला तिथे!"

काम काय, तर माझ्या लेकीच्या दातांच्या दवाखान्याचं उद्घाटन. संध्याकाळी पाचला. लेक म्हणाली, "बाबा, फीत तुम्हीच कापायची, तुमच्याच कात्रीने. तिच्याच कमाईवर शिकले मी." आता लेक असं म्हणाल्यावर माणूस रांगत जाईल हो! बायको म्हणाली, "विमानाने चला, दीड तासाचं काम." पण विमानात कात्री हातात ठेवू देत नाहीत, सामानात टाका म्हणतात. माझी कात्री? परक्या बॅगांच्या ढिगात? बायको विमानाने गेली, मी आणि कात्री मेव्हण्याच्या गाडीत!

मध्ये डोंगर. आता डोंगराला काय ठाऊक, मास्तरांनी रेघ ओढलीये ते! रस्ता असा वळतो, असा वळतो, की एका वळणावर मला आमच्याच गाडीचा मागचा दिवा दिसला... खोटं नाही सांगत! तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. मेव्हणा खिडकीतून हात हलवतोय, "बघा, बघा, ताई माझ्या रेघेवरूनच चाललीये!"

दीड वाजला. साडेआठ तास गाडी हाणली आणि पाटीवर काय? अजून सहाशे ऐंशी! म्हणजे आम्ही निघालोच नव्हतो की काय? आणि हा गृहस्थ टाळ्या पिटतोय, "आला की नाही आकडा!"

पाचला बायकोचा फोन, "पाहुणे ताटकळलेत, आहात कुठे?" मेव्हण्याने फोन ओढला, "ताई, सरळ रेषेत बघशील तर..."

"आग लाव तुझ्या रेषेला!"

मग लेकीचा आवाज, "बाबा, सावकाश या. फीत ठेवते तशीच." मी "आलोच" म्हणायला तोंड उघडलं... आणि नेमकी तेव्हाच गाडी खड्ड्यात! खड्डा कसला, विहीर! दाढेवर दाढ आपटली, अर्धी तुटून हातात.

पोचलो दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. आणि काय सांगू, फीत खरंच तशीच! पेशंट सुजलेले गाल धरून खालून वाकून आत जातायत, पण पोरीने कात्री लावू दिली नव्हती कुणाला. कापली. एका झटक्यात. आणि काप कसा, सरळ!

मग मलाच खुर्चीत बसवलं. "बाबा, आ करा." हातात सुई... सुई कसली, भाला! मी कसंबसं विचारलं, "किती आत जाणार गं?"

"अहो काही नाही बाबा, सरळ रेषेत जेमतेम एक सेंटीमीटर!"

दारात मास्तर असे फुललेत, असे फुललेत... आणि मी उघड्या तोंडानेच कपाळावर हात मारला. भाची शेवटी मामावरच गेली!