नेल्सनचा गुडघा

मरोळला हाडांच्या डॉक्टरकडे मी खांदा दाखवायला बसले होते. बाजूला नवरा-बायको, त्याच्या उजव्या गुडघ्याला पट्टा. दुसऱ्यांचं ऐकायची मला सवय नाही, पण ही दोघं हळू बोलतील तर ना.

"शकु, हे बघ. नेल्सन या मॅचलाही नाही. गणपतीपासून एकच गाणं, पुढच्या आठवड्यात खेळणार."

"वय झालं त्याचं. अडतिसाव्या वर्षी फुटबॉलवाला किती धावणार?"

"मग बूट खुंटीला टांगावेत ना. टीमची वाट लागली आणि हा घरी बसून पगार खातोय."

"गुडघा आहे हो. दुखत असेल."

"दुखतोय? परवा खारदांड्याला हळदीत नाचत होता. व्हिडिओ आहे माझ्याकडे."

"माझ्या भाचीच्या हळदीत तुम्हीपण नाचलात."

"ते वेगळं. मला लोकांनी ओढलं."

"त्यालाही ओढलं असेल."

"अगं, त्याच्यावर अख्खी टीम उभी आहे."

"आणि तुमच्यावर घर. दिवाळीपासून बसलात. कंपनीवाले आता दुसरा माणूस घेतील. आज डॉक्टरांना विचारणारच आहे मी, यांना कामावर कधी पाठवू."

"घाई केली तर गुडघा कायमचा जातो. तूच सांग ना कंपनीवाल्यांना, पुढच्या आठवड्यात बघू."

आतून नाव पुकारलं. तो भिंत धरून उठला आणि लंगडत निघाला.

"अहो, उजव्या पायाने लंगडायचं. पट्टा तिकडे बांधलाय."