दिल्याच्या हेडफोनची खरखर

हेडफोन कुठला घ्यावा हे मला विचारूच नका, मी घाटकोपरच्या दिल्याचा हेडफोन भोगलाय. त्याच्या मेव्हण्यानं दुबईहून अख्खा कान झाकणारा झकास हेडफोन आणला होता. तेव्हा मी घरी आवाज वाढवणारे, बॅटरीवर चालणारे छोटे अ‍ॅम्प बनवायचो, म्हणून दिल्याच्या वॉकमनला लावायला एक बनवून दिला. दुसऱ्या दिवशी स्वारी हजर.

“यार, तुझ्या अ‍ॅम्पमध्ये खरखर आहे.”

मी सगळ्या वायरी पुन्हा सोल्डर केल्या. तरी खरखर. नवा अ‍ॅम्प बनवला. तरी खरखर! शेवटी तणतणत त्याच्या घरी गेलो. बघतो तर हेडफोनच्या गाद्यांवर कंपनीचं प्लास्टिक तसंच!

“अरे, काढ ना हे!”

आतून त्याची मालवणी आई ओरडली, “काढू नको हां! कानाचो घाम लागतलो!”

मी कुणाचं ऐकतोय? ओढून काढलं. खरखर बंद.

आठवड्याभरानं दिल्या हेडफोन घेऊन परत दारात. “यार, आता आवाज दबलेला येतो. तुझा अ‍ॅम्पच कमजोर आहे.”

मी हेडफोन हातात घेतला. त्याच्या आईनं दोन्ही गाद्यांना टीव्हीच्या कव्हरातून उरलेल्या कापडाची, झालर लावलेली टोपडी शिवली होती.