फ्लॉरेन्समधली दहा पावलं

१९९४ साली अंबरनाथ पूर्वेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात विमल नंबरची वाट बघत होती. तिच्या शेजारी बाकावर दोन अनोळखी बायकांचं बोलणं चाललं होतं.

“फ्लॉरेन्सला काय पाहिलंत, माई?”

“फ्रा अँजेलिको म्हणून जुना साधू चित्रकार. पाच दिवस नुसती त्याचीच चित्रं, ह्या चर्चमधून त्या मठात.”

“तुमचे अण्णा ड्रॉइंग मास्तर ना!”

“एका भिंतीवरच्या मेरीपुढे ते चक्क हुंदके देऊन रडले. लोक बघायला लागले, तशी मी दहा पावलं लांब जाऊन उभी राहिले. त्यांच्यासोबत नसल्यासारखी.”

“अगंबाई!”

“नजर जाणार, हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. मला परवा डॉक्टरांनी सांगितलं.”

“मग बोललात त्यांच्याशी?”

“कुठल्या तोंडाने बोलू?”

डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं. अण्णा भिंत चाचपडत बाहेर आले.

“कुमुद, आहेस ना?”

माई उठल्या आणि तोंडाला पदर लावून तिथंच उभ्या राहिल्या. शेवटी विमलच म्हणाली, “आहेत हो. इथंच आहेत.”